दोन क्लब, एक लॅब आणि माझ्या अडकलेल्या बातम्या

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. सकाळी मोबाईल उघडला तर दोन प्रेसनोटा येऊन पडलेल्या. दोन्ही आपल्याच सोलापुरातल्या, एकाच इंजिनिअरिंग कॉलेजच्या. कॉलेजचं नाव सांगत नाही, गरजही नाही. पहिलीचा मथळा 'सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन उत्साहात साजरा'. दुसरीचा 'ओपन सोर्स कार्यशाळेस उदंड प्रतिसाद'. तारीख तीच, इमारत तीच, लॅबही तीच. फोटोत मागे दिसणारे संगणकसुद्धा तेच. बॅनर वेगळा आणि टी-शर्टचा रंग वेगळा, एवढाच काय तो फरक.

तासाभरात पहिल्या क्लबच्या अध्यक्षाचा फोन आला. "सर, आमची बातमी आधी लावा. त्यांनी आमचं बघून कार्यक्रम ठेवला."

दहा मिनिटांनी दुसऱ्या क्लबच्या सचिव मुलीचा. "सर, त्यांच्याकडं चाळीस पोरं पण नव्हती. आमच्याकडं बसायला जागा नव्हती."

वीस वर्षं मी गणपती मंडळांच्या, पतसंस्थांच्या आणि पक्षांमधल्या गटातटांच्या बातम्या लिहितोय. म्हटलं, चला, आता लिनक्समध्येही गट पडले! दोघांची मिळून सहा ओळींची एकच बातमी केली. दोघेही नाराज झाले. विषय संपला असं वाटलं.

पण संपला नाही. त्या निमित्ताने थोडं वाचलं, चार लोकांशी बोललो, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, हे भांडण या पोरांचं नाहीच, त्यांच्या जन्माआधीपासून चालत आलेलं आहे. दुसरी, त्या भांडणाचा माझ्यासारख्या संगणकातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाशी थेट संबंध आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी ओपन सोर्स म्हणजे काय ते आपल्या सोलापुरी भाषेत सांगतो. चाटी गल्लीत तुम्ही चादर विकत घेता. चादर तुमची होते, पण त्यावरच्या नक्षीची कार्डं कारखानदाराकडेच राहतात. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. कुठला धागा उचलायचा, कुठला नाही, ते त्या भोकांवर ठरतं. फ्रान्समध्ये जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं आणि पुढे भोकांच्या कार्डाची हीच कल्पना मोजणीयंत्रांत आली. १८९० ची अमेरिकेची जनगणना अशाच कार्डांवर मोजली गेली. म्हणजे संगणकाचं एक मूळ मागात आहे. सोलापूरकरांनी हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

आता समजा, कुणी तुम्हाला चादरीबरोबर ती कार्डांची माळही दिली आणि सांगितलं, "वापरा, फुलाच्या जागी मोर काढा, शेजाऱ्याला पण द्या." हे झालं ओपन सोर्स. सॉफ्टवेअर तर मिळतंच, पण ते ज्या मजकुरातून तयार झालं तो मजकूरही मिळतो.

यातलं भांडण कुठून आलं? १९८३ साल घ्या. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाने जाहीर केलं, की मी 'ग्नू' नावाची पूर्णपणे मुक्त संगणक प्रणाली लिहिणार. त्याचं म्हणणं नैतिक होतं. जे सॉफ्टवेअर मी उघडून बघू शकत नाही, दुरुस्त करू शकत नाही, मित्राला देऊ शकत नाही, ते मला गुलाम करतं. त्याने त्यासाठी परवानाही असा लिहिला, की मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते पुढे देणाऱ्याने आपला बदलही मुक्तच ठेवला पाहिजे. हा जीपीएल परवाना.

१९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोर्व्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, तो लिनक्स. त्याची भूमिका साधी होती. मजा येते, एकत्र केलं तर काम चांगलं होतं, म्हणून करायचं. पुढे १९९८ मध्ये काही मंडळींनी ठरवलं, की 'मुक्त' आणि 'स्वातंत्र्य' हे शब्द ऐकून कंपन्या बिचकतात, तेव्हा 'ओपन सोर्स' म्हणू. स्टॉलमनला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तो लिनक्सलाही नुसतं लिनक्स म्हणू देत नाही, 'ग्नू/लिनक्स' म्हणा म्हणतो, कारण ग्नूचं काम त्यात आहे.

माझ्याकडे आलेल्या प्रेसनोटांचे मथळे परत बघा. एकात 'स्वातंत्र्य', दुसऱ्यात 'ओपन सोर्स'. पोरांना माहीत असो नसो, जुनं भांडण तिथं शब्दाशब्दात होतं.

आपल्या महाराष्ट्रात तर ते विद्यार्थ्यांच्या मंडळांच्या पाट्यांवरच दिसतं. सांगलीच्या वालचंद कॉलेजातलं मंडळ आहे 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप'. पुण्यातल्या शहरपातळीवरच्या मंडळाने नाव घेतलं 'पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप'. आणि पुण्याच्याच सीओईपीमधल्या पोरांनी लिनक्स शब्दच टाळून 'फ्री सॉफ्टवेअर युजर्स ग्रुप' म्हटलं. तीन नावं, तीन भूमिका. सांगलीचं वालचंद आणि सोलापूरचं वालचंद वेगळ्या संस्था आहेत, पण दोन्हींवर नाव ज्यांचं आहे ते उद्योगपती वालचंद हिराचंद १८८२ मध्ये जन्मले ते आपल्या सोलापुरात, हे जाता जाता.

त्या काळात या मंडळांचं काम काय होतं हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत येणारी गोष्ट. एवढी मोठी प्रणाली त्यावरून उतरवून घ्यायची म्हणजे रात्र गेली आणि बिल आलं. १९९६ पासून 'पीसी क्वेस्ट' मासिक वाचकांना लिनक्सची सीडी देऊ लागलं, ती हातोहात फिरायची. पुढे उबुंटूवाल्यांनी २००५ पासून २०११ पर्यंत जगभर पोस्टाने फुकट सीडी पाठवल्या. 'इन्स्टॉल फेस्ट' असला की पोरं स्कूटरवर मधे सीपीयू धरून कॉलेजात यायची. मोडेम चालायचा नाही, कारण स्वस्तातले बरेच मोडेम फक्त विंडोजसाठी बनवलेले असायचे. पार्टिशन चुकलं तर घरच्यांच्या लग्नाचे फोटो उडायचे, मग शिव्या. त्यात लोडशेडिंग. अशा वेळी एखाद्याला दुसऱ्या गटातल्या पोराकडे मुकाट्याने जावंच लागायचं, कारण ज्याला मोडेम चालू करता यायचा तो दुसऱ्या गटात असायचा.

या सगळ्याला तेव्हा वरूनही आवाज मिळाला होता. २८ मे २००३ ला राष्ट्रपती अब्दुल कलाम पुण्यात हिंजवडीच्या एका संस्थेत बोलले. काही महिने आधीच त्यांची बिल गेट्स यांच्याशी भेट झाली होती. कलामांनी जाहीरपणे सांगितलं, की भारतासारख्या देशाने ओपन सोर्सकडे वळलं पाहिजे. राष्ट्रपतीने सॉफ्टवेअरच्या वादात बाजू घ्यावी हे विरळच.

आता स्पर्धा. स्पर्धा वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. उलट या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं भांडण विद्यार्थ्यांचंच होतं आणि त्यातून चांगलं निघालं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या मॅथियास एट्रिश या विद्यार्थ्याने ठरवलं, की लिनक्सचा पडदा सामान्य माणसाला वापरता येईल असा करायचा. त्या कामाचं नाव केडीई. पण त्याने त्यासाठी एका नॉर्वेच्या कंपनीचा क्यूटी नावाचा सांगाडा वापरला, ज्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. लगेच बोंबाबोंब झाली. १९९७ मध्ये मेक्सिकोत मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या तरुणांनी प्रतिस्पर्धी काम काढलं, त्याचं नाव ग्नोम. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं भांडल्या. पण त्या दबावाचा परिणाम असा झाला, की सप्टेंबर २००० मध्ये त्या नॉर्वेच्या कंपनीने आपला सांगाडाही जीपीएलखाली आणला. पुढे दोन्ही गटांनी बसून सामायिक नियमही ठरवले. आज दोन्ही पडदे जिवंत आहेत आणि फायदा झाला तो वापरणाऱ्यांचा.

म्हणजे भांडण कशावरून आहे, हे महत्त्वाचं. ते परवान्यावरून होतं, कामाच्या दर्जावरून होतं. गर्दी कुणाकडे जास्त, यावरून नव्हतं.

कॉलेजात हे बदललं ते कंपन्या आल्यावर. सन मायक्रोसिस्टिम्सने कॉलेजाकॉलेजात विद्यार्थी दूत नेमले आणि ओपन सोर्सच्या नावाने मंडळं काढली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि ती मंडळं हवेत विरली. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये विद्यार्थ्यांना आपली महागडी साधनं फुकट द्यायला सुरुवात केली. मग गूगलच्या नावाची मंडळं आली. आधी डेव्हलपर स्टुडंट क्लब, मग त्याच्या पुढे गूगल लागलं, २०२४ मध्ये जीडीजी ऑन कॅम्पस झालं. नाव बदललं की बॅनर नवा, टी-शर्ट नवा.

यात कंपन्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी पोरांना शिकवलंही भरपूर. पण क्लबचं यश मोजायची रीत तिथून बदलली. किती कार्यक्रम, किती हजेरी, किती फोटो. २००१ मध्ये ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाने लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं, त्याच कंपनीने २०१८ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचं मोठं घर असलेलं गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. कोण शत्रू, कोण मित्र, काही कळेना. मग उरली फक्त मोजदाद.

मोजदादीने काय होतं ते २०२० च्या ऑक्टोबरात दिसलं. हॅक्टोबरफेस्ट नावाचा जागतिक उपक्रम आहे. तेव्हा नियम असा होता, की महिनाभरात चार सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. झालं! हजारो जणांनी, त्यात आपली भारतीय पोरंही भरपूर, दुसऱ्यांच्या प्रकल्पांत 'छान प्रकल्प' असली एखादी ओळ घुसडून सुधारणा म्हणून पाठवायला सुरुवात केली. जे लोक नोकरी सांभाळून रात्री फुकट काम करतात त्यांच्यावर हा कचरा साफ करायची वेळ आली. चार दिवसांत आयोजकांना नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पाला हवंय त्यानेच सामील व्हायचं असं ठरलं.

त्या सचिव मुलीला मी हे सांगितलं. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "सर, मग तुम्हीच सांगा, काम काय करायचं? सगळं तर झालेलं आहे."

तेव्हा मला माझ्या सीडी आठवल्या.

माझं शिक्षण पत्रकारितेचा डिप्लोमा. २००४ ते २०११ या काळात एका दैनिकात होतो. तेव्हाच्या हजारभर बातम्या, लेखमाला, सगळं माझ्या हाताने टाईप केलेलं. यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती आहेत त्यात. काही बोलणारी माणसं आता हयात नाहीत. हे सगळं मी सीडीवर जपून ठेवलं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका सीडीतली फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टिंबं यांचा उकिरडा. मराठीचा एक शब्द नाही.

कारण सोपं आहे. त्या काळात आम्ही एका खासगी फॉन्टमध्ये टाईप करायचो. संगणकाच्या लेखी आम्ही इंग्रजीच टाईप करत होतो, फॉन्ट तेवढा त्या जागी मराठी आकार दाखवायचा. फॉन्ट गेला, त्याबरोबर मराठीही गेली. कुठल्या खुणेला कुठलं अक्षर, हे त्या कंपनीला माहीत. लिहिणारा मी, पण उघडायची किल्ली माझ्याकडे नाही. स्टॉलमन कशाबद्दल बोंबलत होता ते मला त्या दिवशी कळलं.

मराठीची किल्ली आपल्याकडे असावी म्हणून झटणारे लोक आपल्याकडे होते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये प्रा. जितेंद्र शहा यांच्याभोवती जमलेल्या इंडिकट्रान्स गटाने लिनक्स मराठीत आणायचं काम केलं. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. युनिकोड होताच. पण आम्हा गावाकडच्या पत्रकारांपर्यंत हे पोचवणार कोण? गावोगावी संगणक पोचला तो एमएस-सीआयटीमुळे. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि या कोर्सने लाखो माणसांची संगणकाची भीती घालवली, याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र त्यात संगणक म्हणजे मुख्यतः विंडोज आणि ऑफिस. तिकडे केरळने त्याच सुमारास आयटी@स्कूल सुरू केलं आणि काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. आपल्याकडे क्लबवाली पोरं कॉलेजच्या लॅबमध्ये एकमेकांना कमांड शिकवत राहिली आणि लॅबच्या बाहेर तहसीलपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे कुलूपबंद फॉन्टमध्ये लिहीत राहिले.

मी दोन्ही क्लबना एकेक सीडी दिली. म्हटलं, ज्याला मराठी परत आणता येईल त्याची बातमी चार कॉलम.

पहिल्या क्लबमधल्या पोराने आठ दिवसांत एक प्रोग्रॅम लिहिला. मराठी दिसायला लागलं, पण वेडंवाकडं. का, ते दुसऱ्या क्लबमधल्या मुलीने शोधलं. तिने मला कागदावर 'विद्यार्थी' शब्द लिहून समजावलं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी 'व'च्या आधी टाईप होते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती 'व'च्या नंतर येते, कारण उच्चार नंतर आहे. रफार उलटा. जुन्या फॉन्टमध्ये तो 'थी' झाल्यावर टाईप होतो, युनिकोडमध्ये 'र' आधी यावा लागतो. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. एकाच शब्दात दोन्ही भानगडी. तिने असे शब्द शोधून शोधून यादी केली आणि दुसऱ्या क्लबला दिली. दिली म्हणजे, आधी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "तुम्ही द्या सर, आम्ही बोलत नाही त्यांच्याशी."

दिवाळीपर्यंत बऱ्याचशा फाईली वाचता यायला लागल्या. एका संध्याकाळी मी २००६ मधली एका विणकर बाईची मुलाखत वाचली. मी विचारलेले प्रश्न फार बावळट होते. तिची उत्तरं फार चांगली होती.

मग भांडण परत सुरू झालं. आता मात्र वेगळं. हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी मोकळा करायचा, यावर एकमत. परवाना कुठला? पहिला क्लब म्हणतो जीपीएल. कुणी यात सुधारणा करून विकलं तर त्याने सुधारणाही उघडी ठेवली पाहिजे, नाहीतर परत कुणीतरी कुलूप घालणार. दुसरा क्लब म्हणतो एमआयटी परवाना. कुणालाही काहीही करू दे, अटी घातल्या तर लोक वापरायलाच घाबरतात आणि आपल्याला हवंय की गावोगावच्या लोकांनी वापरावं. दोन्हींत तथ्य आहे. चहाच्या टपरीवर दोन तास वाद चालला. कुणीही हजेरीचा आकडा काढला नाही, कुणीही म्हटलं नाही की आमचा टी-शर्ट आधीचा. मला फार बरं वाटलं.

शेवटी मला विचारलं. मी म्हटलं, मी काही तुमच्यातला नाही, पण माझं लिखाण एकदा अडकून बसलंय. मी जीपीएलच म्हणणार. मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पार्टी आहात, तुमचं मत धरता येत नाही." खरं आहे तिचं. निर्णय अजून व्हायचा आहे.

चार कॉलमची बातमी मात्र मी दिली, दोन्ही क्लबची नावं एकाच ओळीत. नावांचा क्रम चिठ्ठी टाकून ठरवला.

आता तुमच्यासाठी. सोलापुरात असे हजारो मजकूर अडकलेले असणार. जुन्या साप्ताहिकांचे, वाचनालयांच्या अहवालांचे, नाटकांच्या संहितांचे, पूर्व भागातल्या तेलुगू मंडळांच्या स्मरणिकांचे, अक्कलकोटकडच्या कानडी पत्रिकांचे. तेलुगू-कानडीचं काम या दोन क्लबांनी अजून केलेलं नाही, तिसऱ्या क्लबला जागा आहे. तुमच्या कपाटात अशी सीडी किंवा जुना सीपीयू असेल तर भंगारात देऊ नका. मला कळवा, मी पोरांपर्यंत पोचवतो.

आणि प्राध्यापक मंडळींना एक विनंती. तुमच्या कॉलेजात दोन क्लब भांडत असतील तर त्यांना एकत्र करायला जाऊ नका. त्यांना गावातलं एखादं अडलेलं काम द्या.